शेवट विशेष

कन्नमवार नगरात, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर,
मीटरच्या खोलीला लागून वाचनालय आहे.
दारामागे सुतळीला बांधलेली वही,
सुतळीलाच बांधलेलं पेन.
पेन चालत नाही. सगळे आपापलं आणतात.

पुस्तक परत करताना दोन ओळी लिहायच्या, असा नियम,
तो कुणी केला ते आता कुणाला आठवत नाही.
दोन ओळींची दोन पानं होतात,
खाली दुसरा कुणी भांडायला येतो,
समासात तिसरा.
आठवडाभराने गेलं की आधी हेच शोधायचं:
आपण कुठवर वाचलं होतं?

कोचरेकर बेस्टमधून निवृत्त झाले, पंच मात्र जमा केला नाही.
वाचून झालेल्या ओळीच्या टोकाला
टिच्‌कन भोक पाडतात, अक्षराची पर्वा न करता.
ल्युसी परेरा राजावाडीच्या रात्रपाळीहून सरळ इथे;
तारीख, वेळ, सही,
तापाच्या तक्त्यावर करावी तशी.
मुल्लांची अर्शिया मोबाइलवर फोटो काढून नेते
आणि हिरव्या शाईचे बाण सोडून जाते:
‘हे वाचा.’
‘हे नका वाचू, रहस्य फोडलंय.’

आणि हर्डीकर काकू, साड्यांना फॉल लावणाऱ्या,
पानाच्या कडेला एक टाका घालून ठेवायच्या.
त्या दिवशी सुईत जो दोरा असेल तो.
मोरपंखी. डाळिंबी. एकदा नुसता पांढरा.
वही मिटली तरी बाजूने दिसायचं
काकू कुठवर आल्यात.

मी चार महिने गेलो नाही.
गुडघ्याचं सांगितलं. गुडघाही होताच.
पण खरं म्हणजे मार्चात एक जाड कादंबरी परत करताना
मागे रांग होती, म्हणून लिहून टाकलं:
‘उत्तम. शेवट विशेष.’
शेवटची चाळीस पानं मी उघडलीही नव्हती.
पुढच्याच शनिवारी त्याखाली, बारीक, सरळ,
मशीनवर टीप मारावी तशी ओळ:
‘अहो खानविलकर, मला शेवट लागला नाही.
तो धाकटा घरी येतो की नाही?
तुम्ही विशेष म्हणता, तर सांगा.’

जुलैत गेलो.
वही तीच, पावसाने फुगलेली.
भोकं पुढे गेलेली, सह्या पुढे,
हिरवे बाण तर पार पुठ्ठ्याजवळ.
टाका मात्र तिथेच, पान एकशे सदतीस,
राणी रंगाचा,
दोऱ्याचं टोक कापायचं राहिलेलं.
कुणी म्हणालं, लेकीकडे, खारघरला.
कुणी म्हणालं, डोळे.
सबनीस काही न बोलता शिक्के मारत राहिले.

ती कादंबरी पुन्हा काढली.
चाळीस पानं बसस्टॉपच्या बाकावर वाचली,
तीन बस सोडून.

आता लिहायचं कुठे?
शेवटच्या पानावर लिहिलं तर सगळे वाचतील.
काकू आल्याच,
तर आपल्या दोऱ्यापासून सुरू करतील.
म्हणून तिथेच, टाक्याच्या बाजूला,
वही आडवी धरून, समासात:
‘काकू, मार्चात मी खोटं लिहिलं होतं.
आता वाचली. दार वाजतं आणि पुस्तक संपतं.
कोण ते लिहिलेलं नाही,
पण त्याआधी बाहेर चपला काढल्याचा आवाज आहे.
धाकटा येतो’
इथे कागद संपला.

पुढल्या शनिवारी शेवटच्या पानावर हिरवा बाण, उलटा:
‘मागे जा. १३७.’
गेलो.
परेरांची सही, सकाळी सात चाळीस.
आणि कोचरेकरांचं भोक,
नेमकं माझ्या शेवटच्या अक्षरावर.
‘धाकटा ये’, एवढंच राहिलंय,
पुढे वाटोळ्या खिडकीतून
खालच्या पानावरची कुणाची तरी वेलांटी.

दुरुस्त करावं म्हणून खिसे चाचपले.
सुतळीचं पेन तेवढं होतं.