बगलेतली भिंत

चार भिंतींच्या खोलीत मला भिंत नव्हती.
एकीवर देव, एकीवर भांड्यांची मांडणी,
तिसरीला खिडकी आणि गॅस एजन्सीचं कॅलेंडर,
चौथीला पोपडे; टेकलं की पदर पांढरा.
म्हणून गोधडीचे तुकडे मी जमिनीवर मांडायची,
एकशे बारा, ओळीनं,
आणि स्टुलावर चढून बघायची
विहिरीत डोकावल्यासारखी.
तेवढ्यात लाईट यायची,
पंख्याचं बटण चालूच राहिलेलं असायचं.
निळे पलंगाखाली, लाल चुलीकडे,
एक तर कोंबडीच्या पायात अडकून अंगणापर्यंत गेला.

डोमाजींना म्हटलं, मला एक भिंत करून द्या.
बैलांचं जू घडवणारा माणूस,
कानावर पेन्सिल, भुवयांत भुसा.
"आन दरवाजा कोन्या बाजूनं ठेवू?"
"दरवाज्यातून जाईल एवढीच करा."

बांबूच्या कामट्या सोलून त्यांनी दोन चौकटी केल्या,
मध्ये बिजागऱ्या, कुणाच्या तरी मोडक्या कपाटाच्या.
आत फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल.
वर राखी फलालीन, हिंगणघाटच्या बाजारातलं, तीन मीटर,
भिजवून वाळवलेलं.
कापडाला आधीच आटू द्यावं, नंतर रडू नये.

ओढायला पंचफुला आली.
कापड मधून कडेकडे ओढतात,
कडेकडून मध्ये ओढलं तर त्याला पोट सुटतं.
ती तिकडून, मी इकडून.
खिळे तिच्या दातांत होते, त्यामुळे तासभर
गावात कुणाचीच निंदा झाली नाही.

मग पहिला तुकडा.
सुती, विटका जांभळा.
तळहातानं नुसता दाबला, हात काढला.
राहिला.
ना टाचणी, ना टाका.
सरकी निघाली, कातून झालं, विणून झालं,
रंगून, नेसून, फाटून झालं,
तरी कापसानं कापसाला ओळखलं.

टेरिकॉट मात्र घसरायचा.
ह्यांची जिनिंगमधली पँट:
लावली की खाली, लावली की खाली.
त्याला टाचणी दिली.
सगळ्यांना सगळं जमत नाही.

बुधवारी दुपारी भिंत मिटली, बगलेत मारली,
पंचफुलाच्या अंगणाकडे निघाले.
पारावरून आवाज आला,
"वयनी, भीत कुठी चालली?"
"माहेरी," मी म्हटलं.

निंबाला टेकवून उघडली.
दोघी मागे सरकत गोठ्यापर्यंत गेलो,
डोळे अर्धे मिटले. असं केलं की
रंग विझतात, उजेड-अंधार तेवढा उरतो.
तेव्हा दिसलं:
इतकी वर्षं मी गडद सगळं खालीच मांडत आले,
बसल्या जागी हाताला लागेल तिथं.
माझी एकूण एक गोधडी पायाकडे जड.
कुणी बोललं नाही.
पांघरून झोपलेला माणूस काय बोलणार.

पंचफुला उठली. एक काळा उचलून वर लावला.
मग कमरेच्या पिशवीतून
हळदी रंगाचा तुकडा काढला,
बिजागरीला लागून, मधोमध.
"हा कोनाचा व?"
"हाय एक."
ती पाणी आणायला आत गेली, मी तो कडेला नेला.
आली, पुन्हा मधोमध.
मी पुन्हा कडेला.
बोलणं सगळा वेळ तुरीच्या भावाचं चाललं होतं.
निघताना तो मधोमधच होता.

रात्री भिंत मिटलेली होती,
तुकड्यांवर तुकडे, तोंडाला तोंड.
सकाळी उघडली तर सात-आठ जणांनी
गुपचूप बाजू बदललेली.
हळदी उजवीकडून डावीकडे,
एका फुलाफुलाच्या परकराला अर्धा झाकून.
टेरिकॉट टाचणीसकट जागच्या जागी.

नीट करायला हात उचलला.
मग स्टूल ओढलं, ह्या वेळी बसायला,
आणि समोरून बघत राहिले.
चहा निवला. कोंबडी आत येऊन गेली.
सुईत दोरा अजून ओवलेला नाही.