मागच्या चाकाच्याही मागे

पुढे बसून तू म्हणतोस, लोणी.
लोण्यासारखी चालते गाडी.
मी मागे, पलंगाच्या कडेला,
एका हातात ओट्याची पट्टी, दुसऱ्यात तूरडाळीचा डबा,
ज्याचं झाकण उरण फाट्याच्या पुलावर
प्रत्येक सांध्याला तोंड उघडतं आणि मिटतं.

तुझा फंड, माझी भिशी
आणि कुठल्याशा शाळेची जुनी मिनीबस.
रबाळ्याच्या शेडमध्ये रशीद डावरेने चार महिन्यांत
तिचं घर केलं. शेगडी डावीकडे, टाकी डावीकडे,
कपाटही तिथेच,
आणि कपाटाखाली मी हट्टाने ठेवलेला पाटा-वरवंटा.
म्हणून सरळ रस्त्यावरसुद्धा ती
कुणी हाक मारल्यासारखी फुटपाथकडे वळून बघते.
दोनदा अलाइनमेंट झालं.
रशीद खाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला,
वहिनी, कंपनीने नऊ पाटे दिलेत,
दहावा तुम्ही आणलात.

हवा तू बसच्या सवयीने ऐंशी भरतोस.
मग खडा लागला तरी कपबशा उठून उभ्या राहतात.
पासष्टवर ती जरा मांडी घालून बसते.
टाकी रिकामी चालेल, भरलेली चालेल, अर्धी नको.
अर्ध्या टाकीत ब्रेक दाबला की गाडी थांबते,
पाणी थांबत नाही.
सिग्नलला उभे असतो आपण आणि घर
एकदा पुढे, एकदा मागे,
हो म्हणावं की नाही, ठरत नसल्यासारखं.

हे तुला कळत नाही, हिराजी.
स्टिअरिंग धरलेल्या माणसाला वळण आधीच ठाऊक असतं,
अंग त्याच्या आधी झुकतं.
मला वळण कळतं कपाळाला कपाट लागल्यावर.

काल पहाटे बेलापूरच्या किल्ल्यापाशी म्हटलं,
उठ. मागे बस.

वीस वर्षं मी दिवाळ्याहून तुर्भ्याला मासळीचा टेम्पो नेलाय.
सांडणारी वस्तू कशी न्यायची, हे मला हातांनी माहीत आहे.
तू माणसं नेलीस. माणसं सांडत नाहीत,
फक्त उतरून घरी जातात.

पाम बीचवर खाडीचा वारा डावीकडून आला.
एवढी उंच भिंत चालताना दिसली की वारा खांदा लावणारच.
मी चाक आवळलं नाही.
वाऱ्याला थोडं द्यायचं, मग परत मागायचं,
होडीत बसल्यावर देतो तसं.
मागून तुझा आवाज: हलते गं.
हो, म्हटलं. रोजच हलते.

सानपाड्याला आत वळले.
गतिरोधक, पट्टे पुसलेला.
पुढची चाकं मी अलगद नेली.
मागची विसरले,
खरं सांगते, मुद्दाम.

आधी डबा पडला, मग वरवंटा, मग तू.

बराच वेळ नुसतं इंजिन.
मग तू म्हणालास,
शेवटच्या बाकावर नेरुळची एक बाई बसायची,
तुर्भे स्टोअरला उतरताना कंबर धरून उतरायची.
मला वाटायचं, तिची कंबरच तशी.

आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच,
एकतीस वर्षं.

मी उत्तर दिलं नाही.
आरशात तू गुडघ्यांवर बसून
पलंगाखालची डाळ बोटांनी ओढत होतास.
गाडी कडेला घेतली, तुझं वेचून होईपर्यंत.
दूधवाला सायकल थोपवून बघून गेला.
पुढे आणखी एक उंचवटा दिसत होता.

तू डबा मांडीत घेतलास,
पलंगाच्या कडेला माझ्याच जागी बसलास,
एका हाताने ओट्याची पट्टी धरलीस
आणि चमच्याने डब्यावर दोनदा वाजवलंस,
टिंग टिंग.

मी क्लच सोडला. सावकाश.
पुढची चाकं. मग मागची.