वाटणीत चूक

उथळसरला पिठाच्या गिरणीला लागून
माझं वाचनालय आहे. म्हणजे एक खोली,
सहा कपाटं, आणि सगळ्या पुस्तकांवर
बाजरीची बारीक पूड.
कुठलं पुस्तक किती वाचलं जातं
हे मला रजिस्टर सांगत नाही,
पूड सांगते.

इन्स्पेक्टर समरजितच्या मालिकेचे आठही भाग
मी दोनदा बांधून घेतले.
कोपरीचा नझीर शिवण उसवता उसवता म्हणाला,
ताई, हा इन्स्पेक्टर येतो ती पानं करकरीत,
जशी छापली तशी.
फाटतात ती पोफळेची.

दिगंबर पोफळे.
कुलपं उघडणारा, खोट्या सह्या करणारा,
तिसऱ्या भागात सख्ख्या मेहुण्याला अडकवून
समोरच्या गुऱ्हाळात रस पीत बसलेला.
लुटलेलं तो गरिबांना वाटत नाही.
घरी आजारी आई नाही, लहानपणी कुणी छळलेला नाही.
लेखकाने त्याला एक सबब दिली नाही,
फक्त पित्ताचा त्रास दिला
आणि खिशात सोड्याची पुडी.

कर्णिक बाई एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या.
दर दिवाळीत पाचवा भाग नेतात,
सुनेला दिसू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून.
एकदा विचारलं, काय आवडतं हो त्याचं?
आवडतं कुठे, म्हणाल्या, मेला नीच आहे.
पण सगळ्या जगाशी खोटं बोलतो
आणि रात्री स्वतःशी खरं.
मग पिशवीची नाडी ओढत,
माझं उलट झालं गं.

कळव्याचा प्रथमेश तरे, पार्सलं पोचवतो,
हेल्मेट न काढताच पुस्तक बदलतो.
तो म्हणाला, पोफळे साहेबाला "बघतो" म्हणतो, ताई.
"हो" म्हणत नाही.
एवढंच बोलला, आणि फोन वाजला तसा
हो सर, हो सर करत जिना उतरला.

माझे वडील जकात नाक्यावर कारकून.
सत्तावीस वर्षं.
ट्रकवाले त्यांना "कोरडा" म्हणत.
एका मे महिन्यात कुणीतरी दाराशी
हापूसची पेटी ठेवून गेला.
मी आठ वर्षांची. रात्रभर खाटेखाली तो वास,
भाऊ जागा, मी जागी,
पलीकडे आईही जागीच असावी.
सकाळी पेटी सायकलला बांधून परत.
एकही आंबा मोजायचा राहिला नव्हता.

ते पोफळे वाचायचे. संध्याकाळी, गॅलरीत,
पाय बादलीतल्या कोमट पाण्यात.
आम्ही समजायचो, इन्स्पेक्टरसाठी वाचतात.

ते गेल्यावर दोन वर्षांनी
सहावा भाग पुन्हा सुटा झाला.
नझीरकडे द्यायला पानं लावत होते,
तेव्हा एकशे बाराच्या समासात पेन्सिल दिसली.
पोटात आडवी रेघ मारलेला सात,
पावत्यांवर असायचा तसाच.

पतपेढीची लूट एक्केचाळीस हजार दोनशे.
वजा खर्च, अठराशे पन्नास.
भागिले चार.
पोफळेच्या हातात पडले साडेनऊ हजार.
खाली, दुहेरी रेघेवर :
"वाटणीत चूक.
रु. ३३७.५० कमी मिळाले."
आणि सही. तारखेसकट.

पुस्तक बाहेर जाण्याआधी
पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, हा नियम माझाच.
खोडरबर घेतलंही होतं.

गिरणी बंद झाली तरी मी बसून होते
मागची पानं उलटत,
गाडी कुणी आणली, थैली कुणी धरली,
कोपऱ्यात जाऊन कुणी मोजली.
चौघांपैकी पोफळे सोडला तर तिघे.
ड्रायव्हर नसावा, तो बिचारा घाबरट.

मला वाटतं, बाबू गवंड्याने खाल्ले.