श्वासाचे पैसे वेगळे नव्हते

इर्याबाईंच्या गोष्टीत तो दिसतच नाही.
अकरा पानांची गोष्ट, स्वस्त मासिकात छापलेली,
मुखपृष्ठावर भलत्याच कुणाचे दात.
आत नुसती सॉनाची फळी, तिच्यावर ओलं पाऊल,
आणि कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी
बाकावर एक ऊबदार जागा.
बस्स.

ड्वेन म्हणाला, ऊब कॅमेऱ्यात येत नाही.
ड्वेन जुने फ्रिज विकायचा. हे त्याचं पहिलं पिक्चर,
शेवटचंही.
त्याला हवं होतं जनावर,
पाणी भरलेल्या खाणीतून वर येणारं,
तेही नऊशे डॉलरांत, बर्फ पडायच्या आत.

शिवणकाम माझ्याकडे आलं.
ट्रॅक्टरच्या ट्यूबा, चर्चने काढून टाकलेला गालिचा,
तळ्याकाठचं शेवाळ (ते रोज ताजं,
रात्रीत सुकून गळायचं),
डोळ्यांना ट्रकचे मागचे लाल दिवे,
आणि पाठीवर तंबूची लांबलचक चेन.
मी म्हटलं, दिसेल.
तो म्हणाला, दैत्य पाठ फिरवणारच नाही.
सातव्या मिनिटाला फिरवतो.

आत टाउनो. माझा नवरा.
सहा फूट दोन इंच, खाण बंद पडल्यापासून रिकामा,
रोजचे बारा डॉलर आणि कॉफी.
एकवीस वर्षं मिशिगनच्या त्या जमिनीखाली
तांब्यामागे गेलेली,
दगडाची पिठी छातीत मुक्कामाला.
डॉक्टर तिला लांबलचक नावाने बोलवत.
आम्ही नुसतं म्हणायचो, टाउनो आला.
माणूस दारात यायच्या आधी
श्वास अंगणात यायचा.

आवाजासाठी पैसे उरले नव्हते.
ड्वेनने ट्यूबच्या आत माइक चिकटवला,
घुरघुर मिळाली तर मिळाली म्हणून.
रात्री शेडमध्ये टेप लावली
आणि बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, हेच. यात काही मिसळायचं नाही.
श्वासाचे पैसे वेगळे नव्हते.

डेट्रॉइटला म्हणे लोक हसले, चेन दिसली तेव्हा.
नंतर एका जागी पडदा काळा होतो
आणि पाऊण मिनिट नुसतं ते:
आत ओढलेलं, मध्येच अडकलेलं,
खरवडत बाहेर आलेलं.
तिथे एक बाई उठून गेली म्हणतात,
कोट खुर्चीवरच विसरून.

आमच्याकडे युनियनच्या हॉलमध्ये लावलं,
घडीच्या खुर्च्या, समोर भिंतीवर चादर.
चेनला कुणी हसलं नाही, शिवण ओळखीची होती.
काळ्या पडद्याला कुणी किंचाळलंही नाही.
भिंतीपलीकडचं ऐकावं तसे ऐकत राहिले,
पुढचा येतो की नाही, याची वाट बघत.
मग पुढच्या रांगेत वाल्फ्रिडला ठसका लागला,
मग त्याच्या शेजारच्याला,
मग मागे कुणाला तरी,
आणि कुठला चादरीवरचा, कुठला हॉलमधला, कळेना.

इर्याबाई माझ्या शेजारी होत्या.
विचारलं, गोष्टीतला असाच होता का?
त्यांनी पर्स उघडली, बंद केली.
"आमचं घर लहान होतं," म्हणाल्या.
"वडिलांची खाट माझ्या भिंतीला लागून."
टाउनो मात्र मला कोपर मारून दाखवत होता,
गुडघ्यापाशी उसवलंय बघ.

तो फेब्रुवारीत गेला. जमीन गोठलेली,
पुरायला मेपर्यंत थांबावं लागलं.
पोशाख शेडमध्ये आहे,
उंदरांची बाळंतपणं झाली त्यात.
शेवटच्या पाटीवर त्याचं नाव चुकलंय, 'टोनी' लिहिलंय.

कॅसेट माझ्याकडे आहे.
थंडी फार पडली की लावते,
टीव्हीकडे पाठ करून मोजे विणत बसते,
चित्र काही खास नाही.
अठ्ठावन्नाव्या मिनिटाला सुया थांबतात.
पाऊण मिनिट.
मग तो पोलीस त्याला गोळी घालतो,
आणि मी उठून
कॅसेट मागे घेते.