पाणी मुरतंय

पहिल्या फोनला ती म्हणाली, "आणखी एक ऑफर आहे."
दुसऱ्या फोनला, "दोन."
तिसरा तिनं उचललाच नाही.

डुलुथच्या उतारावरचं निळं घर,
दोन खोल्या वर, एक खाली,
खिडकीत सुपीरिअर सरोवर, समुद्राच्या ऐटीत,
आणि त्यावर लोहखनिजाची बोट
इतकी सावकाश, की वाटावं
तिलाही अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

मी शाळेची बस चालवते.
पहाटे पाचला इंजिन तापवताना
हातमोजा दातांनी ओढून फोन बघायचे.
डार्ला क्विस्ट. काही नाही.
वेंडेल म्हणायचा, सोड, घरांना काय तोटा,
आणि रात्री तोच नकाशा उघडून बसायचा,
स्वयंपाकघराची भिंत पेन्सिलीनं पाडत.

आमचा एजंट रस्टी. सज्जन माणूस,
म्हणजे काही उपयोगाचा नाही.
तो तिला पानभर लिहायचा,
ती लिहायची, "नोंद घेतली."
ताकास तूर लागू द्यायची नाही.
बॉयलर किती जुना? "चालतो."
छप्पर? "घरावर आहे."
आणि तळघर? एप्रिलात बर्फ वितळतो, तेव्हा कोरडं असतं ना?
त्यावर मात्र ती हवामानाबद्दल बोलली,
छान बोलली, बराच वेळ.
तेव्हाच कळायला हवं होतं
कुठं पाणी मुरतंय.

तपासणीच्या दिवशी धुकं होतं, शाळा उशिरा भरणार होती,
मी चाळीस मिनिटं आधी पोचले.
तळघराची खिडकी जमिनीलगत, आत दिवा.
वाकले. चोरून बघायला नाही,
बरं, चोरूनच बघायला.

खाली डार्ला क्विस्ट, गुडघ्यांवर.
मोत्यांची माळ पाठीवर टाकलेली, मध्ये येऊ नये म्हणून.
आपल्या त्या महागड्या उंटरंगी कोटानं
फरशी टिपत होती,
पिळत होती बादलीत, पुन्हा टिपत होती.
एकदा थांबली. भिंतीला तळवा लावून बघितला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा,
आणि तो तसाच ठेवून बसली.

बरोबर नऊला दार उघडलं.
लिपस्टिक ताजी. कोट "गाडीत राहिला."
तळघरात दोन पंखे, लिंबाच्या वासाची मेणबत्ती.
आमचा तपासनीस ऑर्विल
भिंतीवर बोटं वाजवत फिरला, यंत्र टेकवलं,
काही बोलला नाही, लिहीत राहिला.
ती माझं पाणी जोखत होती, मी तिचं.
तिच्या मोज्यांवर गुडघ्यांपाशी
दोन ओले गोल.

बोलायला बरंच होतं. सहा आठवडे साठवलेलं,
बस सिग्नलला थांबली की मोठ्यानं म्हणून पाहिलेलं,
मागं पोरं चिडीचूप.
मी म्हणाले, "अठरा हजार कमी."

तिनं आपल्या गुडघ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"दुसरी ऑफर..." अशी सुरुवात केली,
आणि वाक्य तिथंच ठेवून
दोन्ही पंखे बंद केले.
भिंतीच्या आतून ऐकू आलं,
टप्.
बऱ्याच वेळानं, टप्.

"मिसेस टॉलेफ्सनना विचारते," ती म्हणाली,
"वृद्धाश्रमाचं बिल थकलंय त्यांचं."
आणि लगेच, "हे मी तुम्हाला सांगायला नको होतं."

बारावर मिटलं.
सह्यांच्या दिवशी तिनं हात मिळवला नाही,
चार किल्ल्या टेबलावरून सरकवल्या.
त्यातली एक घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही.
विचारायला फोन केला होता मी.
उचलला नाही.