बदाम सत्ती

बॉरोडेलच्या होस्टेलात सकाळी सातला
पडदा सारला, तर डोंगरच नव्हता.
माझ्याकडे यादी होती: होड्या, धबधबा, कॅटबेल्सची चढण,
तेवीस माणसं, सेहेचाळीस मेथीचे पराठे,
आणि तळाशी, बारीक अक्षरांत:
पाऊस आल्यास बघू.

बघतेय.

चौदा वर्षं लीड्समध्ये काढून
अजून 'पाऊस आल्यास' लिहिते मी,
जणू तो पाहुणा.
इथे घर त्याचं. आम्हीच येऊन टेकलोय,
दारात बुटांचा ढीग घालून.

दहापर्यंत लपाछपी झाली.
एकाच पलंगाखाली सात मुलं सापडली,
आठवं कपाटात झोपलेलं.
अकरापर्यंत भेंड्या. 'ण' आला, आणि निरंजनचा घसा
नेमका तेव्हाच बसला.
साडेअकराला पराठे संपले, जे दीडला संपायचे होते.
मग मुलांनी कॉरिडॉर मोजला,
आधी पावलांनी, मग मोज्यांवर घसरत,
मग धाकट्या ओवीला आडवं ठेवून:
साडेसतरा ओव्या भरला.

होस्टेल सांभाळणाऱ्या मॉरीनबाईंनी
न सांगता एक कपाट उघडून दिलं.
नोटा नसलेला व्यापार.
एकाच रंगाच्या सोंगट्यांचा ल्युडो.
आणि रबरबँडात पत्त्यांचा कॅट.

श्रीपादकाकांनी अंगठा ओला करून मोजला,
छत्तीस वर्षं बँकेत कॅशियर:
"एक्कावन्न."
नव्हती ती नेमकी बदाम सत्ती,
जी उतरल्याशिवाय डाव उघडत नाही.

मग ओटच्या खोक्याचा पुठ्ठा कापला.
केतकीच्या लिपस्टिकने सात बदाम,
सहावा जरा वांग्यासारखा.
पाठीवर बारकोड. म्हणजे ती कुणाच्या हातात आहे
ते साऱ्या टेबलाला दिसणार.
"दिसू दे," काका म्हणाले, "न बघायला शिका."

पहिल्या डावात ती तन्मयकडे गेली.
पंधरा वर्षांचा. या वर्षी फक्त वडलांबरोबर आलेला,
आणि त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही
असं आमचं न बोलता ठरलेलं.
त्याने ती टेबलावर ठेवली, डोक्यावरचं हूड न काढता.
दुसऱ्या डावातही त्याच्याकडे. तिसऱ्यातही.
चौथ्याला मी काकांच्या बोटांकडे बघितलं.
काका खिडकीकडे बघत पिसत होते,
उभ्या जन्मात हिशेबात रुपया चुकला नाही
अशा माणसाचा चेहरा करून.

"काका, तुम्ही चीटिंग करताय."
तन्मयचं शुक्रवारपासूनचं पहिलं वाक्य.
"सिद्ध कर."
"द्या इकडे."
हूड मागे पडलं. त्याने पिसला, बरा पिसला, वाटला,
आणि बारकोड गेला मॉरीनबाईंकडे,
ज्या नुसते मग न्यायला आल्या होत्या
आणि ज्यांना आम्ही धरून बसवलं होतं.
त्या पत्ता छातीशी धरून सगळ्यांकडे बघत राहिल्या.
"उतरा!" सगळे एकदम. "उतरा हो!"
निरंजनचा घसासुद्धा सुटला.
त्यांना मराठी येत नाही.
उतरल्या.

चारला डोंगर दिसला. दहा मिनिटं, निथळत.
मी यादी घेऊन उभी राहिले. "बूट!" म्हणाले.
"एवढा डाव होऊ दे," कुणीतरी म्हणालं.
तन्मयच बहुधा.

रात्री टेबलाखालचा पराठ्यांचा चुरा झाडताना
एका पायाखाली पत्ता दिसला, चार घड्या घातलेला,
कडेला अर्धा लाल बदाम.
ओढून काढला. टेबल डुगडुगलं,
वरचे सगळे मग एकमेकांवर वाजले.
गुडघ्यांवर बसून
पुन्हा तिथेच सरकवला.