अर्धा इंच मोकळा

उन्हाळाभर टेनेसीच्या दमट गोदामात पडलेला ओक
एकोणीस दिवस मी नुसता ठेवून दिला
डेल्फीन प्रूडनबाईंच्या पुढच्या खोलीत.
गठ्ठे सोडले, थराथरांत काड्या घातल्या,
वारा फिरेल एवढी वाट ठेवली
आणि घरी निघून गेलो.

तिसऱ्याच दिवशी फोन:
"ओरेस्ट, मी तुला जमीन घालायला बोलावलं
की पाहुणे ठेवायला?"
पाहुणेच समजा, म्हटलं.
परमुलखातून आलेत,
विनिपेगची हवा अंगवळणी पडू दे त्यांच्या.
बाई काहीतरी पुटपुटल्या, बहुधा फ्रेंचमध्ये,
बहुधा माझ्याबद्दल.

विसाव्या दिवशी मीटरच्या दोन सुया टोचल्या.
बारा होते, साडेसातवर आले.
मग गुडघ्यांवर बसलो ते चार दिवस.

एक मात्र मी आधीच बजावलं होतं:
फळी अरुंद घ्या, सव्वादोन इंची.
रुंद फळीचे रागलोभही रुंद.
बाईंना पाच इंचीच हवी होती.
घर त्यांचं.

भिंतीपाशी मी कुणाचं ऐकत नाही.
चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळा,
वरून पट्टी, म्हणजे कुणाला दिसायला नको.
माझा भाऊ लुबोमिर हॅलिफॅक्सला हेच काम करतो,
समुद्राच्या धुक्यात.
एकदा घाईघाईत फळ्या भिंतीला भिडवल्या त्याने.
ऑगस्टात दिवाणखान्याच्या मधोमध
जमीन उठली,
झोपमोड झालेल्या गाईसारखी, आधी मागून.
रविवारी आम्ही फोनवर बोलतो.
तो विचारतो, तुझी किती आकसली?
मी विचारतो, तुझी किती फुगली?
आईची चौकशी त्यानंतर.

जानेवारी. बाहेर उणे चौतीस.
तळघरातली भट्टी रात्रंदिवस हवा भाजते,
ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी,
आणि ओक अंग चोरून घेतो.
दोन फळ्यांमध्ये
पाच सेंटचं नाणं उभं राहील एवढी फट.

प्रूडनबाईंचा फोन. येणारच होता.
"तुझी जमीन फाटली."
गेलो.
ह्युमिडिफायरची टाकी ठणठणीत कोरडी.
"फार घुरघुरतो मेला," बाई म्हणाल्या,
"मणी मोजताना चुकायला होतं."
टेबलावर काळं मखमल, त्यावर अर्धं रानगुलाब,
नातवाच्या जाकिटाच्या पाठीसाठी.
त्यांच्या आजीची नक्षी, म्हणाल्या, फक्त देठ त्यांचा.
लाल मणी मोहरीएवढे.
त्यांची वाटी मागच्या आठवड्यात कलंडली होती.
मी आडवा झालो, गाल लाकडाला टेकवून टॉर्च मारला.
फटीत खाली, फळीच्या जिभेवर
बसले होते ओळीने,
कुणी बोलायचं थांबल्यासारखे.

जूनपर्यंत थांबा, म्हटलं. मिटेल.
जूनमध्ये मिटली फट.
मण्यांसकट.

पुढच्या जानेवारीत फोन आला नाही.
पंधरवडाभर वाट पाहिली, मग मीच गेलो,
इकडूनच चाललो होतो, असं सांगायचं ठरवून.
दार उघडंच होतं.
बाई जमिनीवर, उशीवर गुडघे, चष्मा कपाळावर ढकललेला,
सुईच्या टोकावर एकेक मणी उचलत होत्या.
काच शाबूत.
जिथून मणी निघाला
तिथे ओकच्या कडेला खळी पडली होती,
डोळ्याला नाही, बोटाला कळेल एवढी.
उन्हाळाभर दाबत राहिलेला ओक
शेवटी स्वतःच जरासा आत सरकला होता.
तीस वर्षं फळ्या बसवतोय मी,
मीटर खिशात होता,
तो काढावासा वाटला नाही.

"फट भरून देऊ का?" म्हटलं. "पैसे नकोत."

"हात नको लावूस," बाई मान वर न करता म्हणाल्या.
"एकवीस पडले होते.
आठच मिळालेत."